अडीच घटकांचा एक तास

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन्ही तालुक्यांत लग्नसराईच्या दिवसांत घरोघर येणाऱ्या पत्रिकांवर मुहूर्ताची वेळ मिनिटांसह छापलेली असते. बारा वाजून पस्तीस मिनिटे, सहा वाजून अठ्ठावीस मिनिटे. प्रत्यक्षात मंगलाष्टके त्या मिनिटाला संपतातच असे नाही, हा भाग निराळा. परंतु ज्या परंपरेतून तो मुहूर्त काढला जातो, तिच्या मूळ गणितात तासही नाही आणि मिनिटही नाही. तेथे आहेत घटका, पळे आणि विपळे. पंचांगकर्ता घटका-पळांचा हिशेब तास-मिनिटांत मांडतो तेव्हा वापरायचा आकडा एकच असतो, तो म्हणजे अडीच. अडीच घटका म्हणजे एक तास, अडीच पळे म्हणजे एक मिनिट आणि अडीच विपळे म्हणजे एक सेकंद.

हा अडीचचा योग वरपासून खालपर्यंत असा जुळावा, यामागे कारण आहे. भारतीय ज्योतिषाने अहोरात्राचे साठ भाग केले, त्या प्रत्येक घटकेची साठ पळे केली आणि पळाची साठ विपळे. पश्चिमेकडून आलेल्या गणनेने दिवसाचे चोवीस भाग केले; मात्र पुढे तासाचे साठ आणि मिनिटाचेही साठच. फरक फक्त पहिल्या पायरीवर आहे. साठ भागिले चोवीस म्हणजे अडीच. पुढच्या पायऱ्या सारख्याच असल्याने ते प्रमाण शेवटपर्यंत टिकते. साठाचा आकडा इंग्रजांनी आणला, ही समजूत त्यामुळे खरी ठरत नाही. इंग्रजी अमदानीत जे बदलले ते वेगळेच होते, आणि त्याची झळ शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांना प्रत्यक्ष लागली.

नाणेघाटातील दशक

साठ हा आकडा मोजणीला मुळात सोयीचा नाही. माणसाच्या हाताला बोटे दहा, आणि जगातील बहुतेक भाषांप्रमाणे मराठीही दहादहानेच मोजते. याचा महाराष्ट्रातील अत्यंत जुना पुरावा मुरबाडच्या सीमेवरच आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेले की घाटमाथ्यावर सातवाहनकालीन लेणे लागते. हा माथा पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात मोडतो. सातवाहन राणी नागनिका हिच्या इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तेथील ब्राह्मी लेखात यज्ञांच्या दक्षिणांची मोठी यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि त्यांपुढे आकडे. दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे, हजारासाठी तिसरे. त्यात शून्य नाही, स्थानमूल्यही नाही; पण विचार दशकाचाच आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नाणेघाट भारतीय अंकांच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला.

गाई मोजायला दहा पुरतात. वाटणी करायची झाली की दहा अपुरे पडतात. दहाचा निम्मा भाग निघतो आणि पाचवा भाग निघतो. तिसरा, चौथा, सहावा भाग काढू गेले की अपूर्णांक उभा राहतो. साठाला मात्र २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० अशा कितीतरी संख्यांनी नि:शेष भाग जातो. 'पाऊण तास', 'सव्वा तास', 'वीस मिनिटे' हे सारे पूर्णांकात बसते. मराठी बाजारालाही हा गुण चांगला ठाऊक होता. एका रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, ही रचना त्याच वाटणीच्या सोयीसाठी होती. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही पाढ्यांची पाठांतरे ज्या पिढ्यांनी केली, त्यांना अडीच घटकांचा तास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

साठाचा पद्धतशीर वापर प्रथम केला तो मेसोपोटेमियात. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तेथील लेखनिक मातीच्या विटांवर साठाच्या स्थानमूल्याने गुणाकार-भागाकार करीत होते. आकाशाचे गणितही त्यांनी त्याच पद्धतीत बसवले. दिवसाचे बारा मोठे भाग आणि प्रत्येकाचे तीस लहान भाग, म्हणजे दिवसाचे एकूण ३६०. यातील एक लहान भाग आजच्या चार मिनिटांचा होतो. पृथ्वी एक अंश फिरायला तेवढाच वेळ घेते, आणि दहा पळेही तेवढीच भरतात. वर्तुळाचे ३६० अंश आजवर टिकले आहेत ते याच वारशातून.

बारा मात्र इजिप्तकडून आले. रात्रीचा वेळ ओळखण्यासाठी तेथील पुरोहितांनी आकाशातील छत्तीस तारकासमूह ठरवले होते. त्यांपैकी एकेक समूह ठरावीक अंतराने उगवे, आणि त्यावरून रात्रीचे बारा भाग धरले गेले. दिवसाच्या उजेडाचेही बारा भाग झाले आणि मिळून चोवीस. सह्याद्रीतील शेतकऱ्याने रात्रीचा अंदाज कृत्तिकांवरून, तिकांड्यावरून आणि पहाटेच्या शुक्राच्या चांदणीवरून बांधला, तो याहून फार वेगळा नव्हता. फरक एवढाच की इजिप्तमध्ये त्याचे कोष्टक लिहून ठेवले गेले.

या बारा भागांत एक अडचण होती. उजेडाचे बारा भाग करायचे म्हटले की उन्हाळ्यातला तास मोठा आणि हिवाळ्यातला लहान होतो. शहापूरच्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांहून किंचित मोठा असतो, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो जेमतेम अकरा तासांचा उरतो. प्राचीन पद्धतीने मोजल्यास येथे जूनमधला तास सहासष्ट मिनिटांचा आणि डिसेंबरातला पंचावन्न मिनिटांचा भरला असता. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर मोजण्याची आपली रीतही अशीच लवचीक होती. ग्रीक ज्योतिषांना ग्रहणांच्या गणितासाठी अशी लवचीक मापे चालणार नव्हती. म्हणून हिपार्कसने विषुवदिनाच्या दिवसरात्रीप्रमाणे चोवीस सारखे तास धरण्याची कल्पना मांडली. पुढे टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अंशाचे साठ भाग आणि त्या भागांचे पुन्हा साठ भाग केले. लॅटिन भाषेत यातल्या पहिल्या भागाला 'पार्स मिनुटा प्रायमा', म्हणजे पहिला बारीक भाग, आणि दुसऱ्याला 'पार्स मिनुटा सेकुंडा', म्हणजे दुसरा बारीक भाग, असे नाव पडले. मिनिट आणि सेकंद हे शब्द तेथून निघाले. सेकंद म्हणजे अक्षरश: 'दुसरा'. संस्कृत ज्योतिषात याच उतरंडीला अंश, कला, विकला म्हणतात.

घटका भरली

भारतीय पद्धतीतील लहान मापे शरीराशी आणि बोलण्याशी जोडलेली होती. सूर्यसिद्धान्तानुसार दहा दीर्घ अक्षरे उच्चारण्यास लागणारा वेळ म्हणजे एक प्राण, सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटका. आजच्या मापाने प्राण चार सेकंदांचा, पळ चोवीस सेकंदांचे आणि घटका चोवीस मिनिटांची. शांतपणे घेतलेला एक श्वास साधारण चार सेकंदांचा असतो, हे घड्याळ समोर ठेवून कोणालाही पडताळता येईल. दोन घटकांचा मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. पत्रिकेवर मिनिटासह छापला जाणारा 'मुहूर्त' मूळ अर्थाने एवढा ऐसपैस आहे.

घटका मोजण्याचे साधन तांब्याचे होते. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी चढत जाऊन वाटी बुडाली की एक घटका झाली. अहोरात्रात ती साठ वेळा बुडावी, अशा बेताने भोक पाडलेले असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जलघटिकेचे वर्णन आहे. त्यातील पाणी वाहून जाण्याच्या छिद्राचे माप चार माष सोन्याच्या चार अंगुळे लांब तारेवरून ठरवले आहे. भोक किती बारीक हे सांगायला सोन्याची तार वापरण्याची ही युक्ती दाद देण्याजोगी आहे, कारण वजन आणि लांबी ठरली की तारेची जाडी आपोआप ठरते.

मराठी भाषेत ही वाटी अजून शाबूत आहे. 'घटका भरली' म्हणजे शेवट जवळ आला, हा वाक्प्रचार बुडणाऱ्या वाटीवरूनच आला. 'घटकाभर बसा', 'घटकेत एक, घटकेत दुसरे', 'पळभर थांबा' ही रोजची बोली आहे. घड्याळ हा शब्द घटी-घडीच्याच कुळातला. आणि ज्या तासाला आपण परक्या गणनेतील माप समजतो, त्याचे नाव तरी वाटीपासून दूर गेलेले नाही. फारसीत तास म्हणजे धातूचे पात्र. मराठीत तास म्हणजे आधी वेळ झाल्यावर टोल देण्याची धातूची थाळी, आणि नंतर टोलाने दाखवलेला वेळ. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातील घडियाळ वाजवणाऱ्यांचे, साठ घड्यांचे आणि आठ प्रहरांचे वर्णन करून ठेवले आहे. पात्र, पाणी आणि टोल ही व्यवस्था राजवाड्यांत आणि मोठ्या शहरांत होती. खेड्यात 'कासराभर दिवस वर आला', 'दिवस माथ्यावर आला', 'दिवेलागण झाली' एवढे पुरे होते. (यातला कासरा म्हणजे बैलाची दोरी, कसारा स्थानकाशी त्याची गल्लत होऊ नये.)

चोवीस तास हेही भारतात इंग्रजांच्या फार आधी आले, तेही आठवड्याच्या वारांबरोबर. ज्योतिषातील होरा म्हणजे अहोरात्राचा चोविसावा भाग. हा शब्द ग्रीक 'होरा'शी जुळतो. 'अहोरात्र' या शब्दातले पहिले आणि शेवटचे अक्षर गाळून तो झाला, अशी व्युत्पत्तीही वराहमिहिराने बृहज्जातकात नोंदवली आहे. प्रत्येक होऱ्याला एक ग्रह स्वामी. त्यांचा क्रम संथ ग्रहाकडून वेगवान ग्रहाकडे जातो: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, सोम. शनिवारचा पहिला होरा शनीचा. क्रमाने मोजत गेले की पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा रवीचा येतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमाचा, नंतर मंगळाचा. वारांचा क्रम असा लागला आहे. गंमत अशी की चोवीस होऱ्यांऐवजी साठ घटकांना स्वामी वाटले असते तर शनिवारनंतर शुक्रवार, मग गुरुवार, असा आठवडा उलटा चालला असता. कागदावर सात नावे लिहून कोणीही हे करून पाहावे. शहापूर-मुरबाडचे आठवडी बाजार ज्या वारांच्या क्रमाने भरतात, तो क्रम चोवीस तासांच्या दिवसातून निघालेला आहे.

आसनगावच्या फलाटावर दोन वेळा

मग इंग्रजी अमदानीत बदलले काय? उत्तर लोहमार्गावर मिळते. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. १८५५ मध्ये मार्ग वासिंदपर्यंत आला, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत. थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडले. लोहमार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि मुरबाडला बाजूला ठेवून गेला. त्याच काळात शेजारशेजारच्या या दोन तालुक्यांत वेळेचे दोन व्यवहार सुरू झाले.

तोपर्यंत प्रत्येक गावाला स्वत:चे मध्यान्ह होते. सूर्य डोक्यावर आला की दुपार. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. शहापूर आणि मुरबाड यांच्या रेखांशांत चार कलांच्या आसपास फरक आहे. त्यामुळे मुरबाडचे मध्यान्ह शहापूरच्या पंधराएक सेकंद आधी होते. हे कोणाच्या ध्यानात यायचे कारण नव्हते. मुंबई आणि मद्रास यांच्यात मात्र अर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि एकाच रुळावर समोरासमोर गाड्या सोडायच्या तर असा फरक जिवावर बेतणारा. म्हणून १८७०च्या सुमारास देशातील रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली. आसनगावच्या फलाटावरचे घड्याळ त्यामुळे मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा अर्धा तास पुढे धावू लागले. ज्याने गावातल्या उन्हाकडे पाहून स्टेशन गाठले, त्याची गाडी गेलेली असे.

मुंबई शहरात हा वाद मोठ्या तावातावाने लढला गेला. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये सरकारी कामकाजाला मद्रास वेळ लागू केली. शहराने ती मानली नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरची, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. रेल्वेने आणि तारखात्याने ती घेतली. मुंबई महापालिकेने मात्र ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' धरून ठेवली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. कसारा किंवा आसनगावहून मुंबईत उतरणारा माणूस त्या काळात प्रमाणवेळेने निघून मुंबई वेळेत पोहोचत असे. दुसऱ्या महायुद्धात त्यात आणखी भर पडली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली होती.

प्रमाणवेळेचा हा फरक आजही अंगणात काठी रोवून पाहता येतो. ज्योतिषात या काठीला शंकू म्हणतात. शहापुरात शंकूची सावली सर्वांत आखूड होण्याची वेळ सरासरीने बारा वाजून साडेछत्तीस मिनिटांच्या आसपास येते. ती वर्षभर सारखी राहत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती १२ वाजून ५१ मिनिटांकडे सरकते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २० मिनिटांवर येते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने सूर्याचा दिवस नेमका चोवीस तासांचा क्वचितच असतो; चोवीस ही वर्षाची सरासरी आहे. मेच्या मध्याला सावली क्षणभर पूर्ण नाहीशी होते. जुलैच्या अखेरीसही होते, पण तेव्हा या भागात आभाळ भरलेले असते आणि ते पाहायला सूर्यच नसतो.

वेळ कोणाच्या हातात

गाडी चुकणे ही एक गोष्ट झाली. मजुरी तासावर मोजली जाणे ही तिच्याहून मोठी. शेतातले काम उजेडाने बांधलेले असते. आवणीच्या दिवसांत अंधार पडेपर्यंत राबायचे आणि भात झोडून झाले की बसायचे, असा तो हिशेब. मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसाला भोंग्यावर चालावे लागले आणि भोंगा मालकाचा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. त्यांच्या मागण्यांत रविवारची पूर्ण सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. शिवाय काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, असेही होते. आरंभ घड्याळाने आणि शेवट सूर्याने. या एका मागणीत त्या पिढीची कोंडी उघड दिसते: सकाळी भोंग्याची वेळ मान्य आहे, पण संध्याकाळी घड्याळावर विश्वास नाही. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० च्या जूनमध्ये मान्य केली.

त्यानंतरची लढाई तासांचीच आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये दिवसाचे अकरा आणि आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस अशी मर्यादा घातली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पुढे कारखाने आले ते या नियमाखाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली, तेव्हा १९११ चा आकडा पुन्हा चर्चेत आला. दिवसाचे चोवीस भाग कोणी केले हा इतिहासाचा प्रश्न खरा. त्यातले किती भाग कोणाला विकायचे, हा या दोन तालुक्यांतील बसथांब्यांवर पाळी गाठायला उभ्या असलेल्यांचा प्रश्न आहे.

दहाचा तास का टिकला नाही

१ एप्रिल १९५७ रोजी भारताने सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा केला. पाठोपाठ शेर-मणाच्या जागी किलो आले. पायली आणि खंडी भातशेतीच्या बोलीत उरल्या, पण अडत्याच्या काट्यावर किलोच आला. लांबी, वजन, नाणे सारे दशमान झाले. घड्याळाला कोणी हात लावला नाही. तसा प्रयत्न फ्रान्सने करून पाहिला होता. क्रांतीनंतर १७९३ मध्ये तेथे दहा तासांचा दिवस, शंभर मिनिटांचा तास आणि शंभर सेकंदांचे मिनिट असा कायदा झाला. घड्याळे बनली, पण वापरली गेली नाहीत. १७९५ च्या एप्रिलमध्ये तो हुकूम स्थगित झाला. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे मुख्य रेखावृत्त ठरवण्यासाठी भरलेल्या परिषदेनेही वेळ व कोन दशमान करण्याचा अभ्यास पुन्हा हाती घ्यावा, अशी आशा ठरावात व्यक्त केली. ती ठरावातच राहिली.

कारण उघड आहे. नाणी आणि मापे मुलखामुलखांत वेगवेगळी होती, त्यामुळे त्यांचा गोंधळ सर्वांनाच नकोसा झाला होता. तास-मिनिटांबाबत असा गोंधळच नव्हता. लंडन, कैरो, मुंबई सगळीकडे तास साठ मिनिटांचाच होता. वाद होता तो कोणाचे मध्यान्ह मानायचे याचा. शिवाय सेकंद एव्हाना इतर मापांत खोल रुजला होता. १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचे घड्याळ बनवले, त्यानंतर मिनिटकाटा आणि सेकंदकाटा भरवशाचे झाले. सुमारे ९९ सेंटिमीटर लांब दोरीला वजन बांधून हलकेच झोका दिला, तर ते एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बरोबर एका सेकंदात जाते. विजेच्या बिलावरचे 'युनिट' म्हणजे एक किलोवॉट वीज एक तास. पावसाळ्यात शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे दरवाजे उघडले की विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. नदीकाठच्या गावांना सावध करणारा तो आकडा सेकंदावर उभा आहे. तास-सेकंद बदलायचे तर ही सारी मापे मोडून पुन्हा बांधावी लागतील.

सेकंदाची व्याख्या मात्र बदलली. पूर्वी तो सरासरी सौर दिवसाचा ८६,४०० वा भाग होता. चोवीस गुणिले साठ गुणिले साठ. पृथ्वीचे फिरणे पुरेसे नियमित नाही, हे लक्षात आल्यावर १९६७ मध्ये तो सिझियमच्या अणूवर बेतला गेला. सिझियम-१३३च्या ठरावीक प्रारणाची ९,१९२,६३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अशाच आण्विक घड्याळांवर राखली जाते. अणूचे घड्याळ आणि पृथ्वी यांची फारकत होऊ नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद जोडला गेला. असे सत्तावीस सेकंद आजवर जोडले आहेत. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आला. त्या मिनिटात एकसष्ट सेकंद होते.

संगणकांच्या जाळ्यांना हा एकसष्टावा सेकंद जाचक ठरतो. म्हणून वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ही पद्धत २०३५ पर्यंत सोडण्याचे ठरवले. त्यानंतर घड्याळ आणि सूर्य यांच्यातील अंतर हळूहळू वाढू दिले जाईल. एक मिनिट साचायला कित्येक दशके लागतील. शहापूरच्या घड्याळात आणि तेथल्या सूर्यात साडेछत्तीस मिनिटांचे अंतर १९०६ पासून आहेच.